बसंतर, १६ डिसेंबर १९७१ : १/७२ सेंच्युरियन आणि त्याच्यावरचा चिखल

सूक्ष्मकाम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

टेबलावर सध्या १/७२ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढा, सेंच्युरियन रणगाड्याचा नमुना आहे. पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचा, बसंतरच्या लढाईतला. जोडणी झाली, मूळ हिरवा रंगही झाला. आता या छंदातलं मला सगळ्यात आवडणारं काम सुरू होतंय, ते म्हणजे गाडी मळवणं. त्यासाठीच हा धागा.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रावी आणि चिनाबच्या मधल्या शकरगढ भागात आपल्या ५४ इन्फन्ट्री डिव्हिजनला बसंतर नाला ओलांडून पलीकडे पाय रोवायचे होते. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळ पलीकडे गेलं, सॅपर्स (लष्करी अभियंते) सुरुंग काढत होते. वाट पूर्ण मोकळी होण्याआधीच समोर पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल दिसू लागली. लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांच्या पूना हॉर्सचे सेंच्युरियन अर्धवट साफ झालेल्या सुरुंगपट्ट्यातून तसेच पुढे गेले. १६ तारखेला जरपालजवळ पॅटन रणगाड्यांशी झालेल्या झुंजीत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांना वीरमरण आलं. वय अवघं २१, सैन्यात येऊन सहा महिने झालेले. मरणोत्तर परमवीर चक्र. जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत. त्यांच्या गाडीचं नाव ‘फामागुस्ता’.

आता मुद्द्यावर येतो. मॉडेलवरचा मळ त्या जागेचा आणि त्या तारखेचा असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. प्रदर्शनांत बघा, कुर्स्कचा रणगाडा असो, सिनाईचा असो की लोंगेवालाचा, सगळ्यांवर तोच तयार बाटलीतला तपकिरी चिखल आणि तोच नारिंगी गंज दिसतो. आत्ता ही गाडी कुठून आली, किती दिवस चालतेय, रात्री पाऊस होता की धुकं, यातलं काहीच त्या मळावरून कळत नाही.

बसंतरपुरतं मी असं मांडलं आहे. तिथली जमीन नद्यांच्या गाळाची, रंग करडा, किंचित पिवळसर. डिसेंबरचा पहिला आठवडा उलटल्यापासून गाड्या शेतांतून पुढे सरकत होत्या, म्हणजे आधीचा थर कोरड्या बारीक धुळीचा. त्यावर १५-१६ च्या रात्री नाल्यातली ओल. पंजाबातल्या हिवाळी सकाळी धुकं असतं, ऊन उशिरा लागतं. म्हणून खालचा चिखल सकाळी ओलाच असणार. वर फिकट सुकी धूळ आणि खाली त्याच मातीचा गडद ओला चिखल, असे दोनच थर मला दाखवायचे आहेत. माती तीच, फरक फक्त पाण्याचा.

हाच भाग सप्टेंबर १९६५ मध्ये वेगळा दिसला असता. तेव्हा चविंडाच्या लढाईत याच पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर याच सेंच्युरियनवर होते. पावसाळा नुकता सरलेला, खरिपाचं पीक उभं, उन्हाचा ताव. रणगाडा तोच, मुलूख जवळपास तोच, तरी मळ निराळा.

जाणकारांनी दोन बाबतींत मदत करावी: १/७२ मध्ये ओला चिखल पटेल असा कसा दाखवायचा, आणि नाल्याकाठचा सरकंडा (उंच तुरेवालं गवत) कशाचा करायचा?

खडूभुकटी

विषय फार आवडला, वाचनखूण साठवली. किट कोणतं? आणि गंजाला इतका विरोध का? चाकांवरच्या पट्ट्यांवर (ट्रॅकवर) तरी गंज हवाच ना. मी हेअरस्प्रे पद्धत वापरतो: खाली गंजाचा रंग, वर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा, मग ओल्या ब्रशने खरवडायचं. पोपडे फार छान निघतात.

सूक्ष्मकाम (धागाकर्ता)

किट मर्यादित उत्पादनाच्या साच्याचं आहे, त्यामुळे भागांच्या कडेची झालर कापण्यात बराच वेळ जातो. मोठ्या मापात हवा असेल तर टामियाचा आणि एएफव्ही क्लबचा १/३५ सेंच्युरियन मिळतो.

गंजाबद्दल मात्र सविस्तर बोलू. सेंच्युरियनचे पट्टे ओतीव मँगनीज पोलादाचे असतात. ते गंजतात, पण रोज चालणाऱ्या गाडीचा पट्टा जमिनीवर आणि चाकांवर सतत घासला जातो. जिथे घासतो तिथे तो चकचकीत उजळतो, खाचांत माती बसते. नारिंगी साय यायला गाडी उभी राहावी लागते. आपण शाळांच्या आवारात, चौकांत ठेवलेले रणगाडे बघून मोठे झालो. ते वर्षानुवर्षं पावसात उभे आहेत, म्हणून गंजलेले आहेत. लढाईतल्या गाडीला ती फुरसत नसते.

सेंच्युरियनवर गंज हक्काने यावा अशी एक जागा आहे, सायलेन्सर. मागच्या बाजूला दोन्हीकडच्या पट्ट्यांवरच्या पत्र्यावर ते बसवलेले आहेत. पातळ पत्रा, आत रोल्स-रॉइसचं ६५० अश्वशक्तीचं मीटिऑर इंजिन. रंग तिथे टिकतच नाही. तिथे गंजाच्या तीन-चार छटा लावा, खुशाल लावा.

पोपड्यांचं म्हणाल तर एकदा गणित करून बघा. १/७२ मध्ये १ मिलिमीटर म्हणजे खरे ७.२ सेंटिमीटर. स्पंजाने उमटवलेला अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका हा खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा रंग उडालेला भाग. असे शेकडो ठिपके सगळ्या अंगावर आले, तर ती गाडी नाल्यातून नाही, भंगारातून आली असं वाटेल. हेअरस्प्रे पद्धत १/३५ ला उत्तम आहे. या मापात मी अगदी बारीक ब्रशच्या टोकाने, तेही हॅचच्या (आत उतरायच्या झाकणांच्या) कडा आणि चढण्याउतरण्याच्या जागा एवढ्यापुरतंच करतो.

निवृत्त_चालक

मी टी-५५ चालवलेला माणूस आहे, सेंच्युरियन नाही. पण गाडी कुठे मळते ते सगळीकडे जवळजवळ सारखंच, म्हणून लिहितो.

चालकाच्या झाकणापासून टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) जायची वाट बुटांनी उजळलेली असते. तिथली धूळ पुसली जाते आणि बुटांचा चिखल वाळून पडतो. टरेटच्या आजूबाजूला जिथे हात टेकतात, तिथे धूळ नसतेच. बंदिस्त कोपऱ्यांत, अवजारांच्या खाली, बोल्टांच्या मागे धूळ साचून राहते, ती कुणी काढत नाही. पट्टा चिखल पुढे कमी आणि मागे जास्त फेकतो. म्हणून गाडीचा मागचा भाग सगळ्यात घाण. तुमच्या सेंच्युरियनला बाजूने पत्रे आहेत, त्यामुळे चिखल त्या पत्र्यांच्या आतल्या बाजूला थापला जाईल आणि खालच्या कडेला लोंबेल. वरच्या निम्म्या पत्र्यावर फक्त धूळ ठेवा.

तेलाचे डाग दाखवताना जपून. टी-५५ डिझेलवर चालायची, डिझेल सांडलं की काळपट चिकट डाग राहतो आणि त्यावर धूळ बसते. सेंच्युरियन पेट्रोलची गाडी. पेट्रोल उडून जातं, जाताना धूळ धुऊन नेतं. तिथे डाग कडेला गडद आणि मधे स्वच्छ दिसला पाहिजे.

आणि सामान विसरू नका. गुंडाळलेली ताडपत्री, छलावरणाची जाळी, ओढायचा लोखंडी दोर, पाण्याचे डबे. धूळ सामानावरही बसू द्या. स्वच्छ ताडपत्री मळलेल्या गाडीवर ठेवली की ती नंतर आणून ठेवल्यासारखी दिसते.

फामागुस्ता करताय, नीट करा बेटा. खूप शुभेच्छा.

खडूभुकटी

काका, यातलं निम्मं कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. पेट्रोल-डिझेलच्या डागांचा फरक तर डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार.

नगरकर

नगरच्या (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन याच. १९९४ साली सुरू झालेलं आहे, आणि सेंच्युरियन तिथे अगदी जवळून बघता येतो. खुद्द फामागुस्ता इथल्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेली आहे.

मात्र म्युझियममधल्या गाड्यांवर नंतर रंग चढलेला असतो, स्वच्छ, जाडसर, समारंभाला द्यावा तसा. त्यामुळे छटा आणि मळ तिथून उचलू नका. बघायचा तो पृष्ठभाग. सेंच्युरियनचा टरेट ओतीव आहे, जवळ गेलं की त्याचा खरखरीतपणा दिसतो आणि वेल्डिंगची शिवण बोटाएवढी जाड असते हे कळतं. किटमध्ये टरेट काचेसारखा गुळगुळीत येतो. पातळ केलेली पुट्टी जुन्या आखूड ब्रशने टोचत लावायची, वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर हलकाच फिरवायचा. या मापात खरखर डोळ्यांना अर्धवट दिसावी, बोटाला लागू नये.

पावसाळी_रत्नागिरी

जमिनीबद्दल माझे दोन शब्द. अंगणातली माती चाळून वापरायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्याकडची जांभ्याची लाल, देशावरची काळी. दोन्ही शकरगढला चालणार नाहीत. माती कितीही बारीक चाळली तरी रंग आपल्याच गावचा राहतो.

मी असं करतो: एक्सपीएस फोमचा (थर्माकोलच्याच जातीच्या घट्ट फोमचा) पाया, त्यावर फेव्हिकॉल, पीओपी आणि बारीक लाकडी भुश्श्याचा लगदा. त्यातच अॅक्रिलिक रंग मिसळायचा, म्हणजे टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही. एक्सपीएस असो की साधा थर्माकोल, स्प्रे कॅनचा रंग थेट मारू नका, तो विरघळून खड्डे पडतात. आधी लगद्याने पूर्ण झाका.

चहाचा चोथा बरेच जण पालापाचोळा म्हणून वापरतात. आमच्या हवेत तो तव्यावर पूर्ण कोरडा भाजल्याशिवाय वापरला, तर जूनमध्ये बुरशी धरतो. भुसा, काथ्या, वाळलेलं गवत, सगळ्यांना हाच नियम. आणि पावसाळ्यात मॅट वार्निश मारायचं असेल तर दिवस निवडा. हवेत दमटपणा असला की वार्निश पांढुरकं धरतं, आणि तुमची सगळी छटा त्याच्याखाली जाते. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा सापळा असतो, तो आमच्यासारख्यांनी बसवलाच पाहिजे.

नवा_भिडू

मी हल्लीच सुरुवात केली आहे. क्रम काय असतो? वॉश आधी की धूळ आधी? आणि हे सगळं परदेशी सामान न घेता जमतं का?

सूक्ष्मकाम (धागाकर्ता)

जमतं, आणि उत्तम जमतं. क्रम समजायला फक्त एक तत्त्व लक्षात ठेवा: वरच्या थराचा पातळक खालच्या थराला विरघळवणारा नसावा. मूळ रंग अॅक्रिलिक. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर टर्पेंटाइनमधले ऑइल कलर खुशाल खेळवता येतात. चूक वाटली तर ओल्या ब्रशने पुसूनही टाकता येतात.

मूळ हिरवा मी डब्यातल्यापेक्षा फिकट ठेवतो. साडेदहा सेंटिमीटर लांबीच्या वस्तूवर खऱ्या गाडीचा गडद हिरवा लावला की ती काळी दिसते. त्यावर चकचकीत वार्निश, मग खुणा आणि आकड्यांचे डेकल (चिकटवायच्या पातळ चित्रपट्ट्या), पुन्हा वार्निशचा थर. आता वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ गडद रंग. कॅमलचा बर्न्ट अंबर ऑइल कलर घ्या, ट्यूबमधून आधी पुठ्ठ्यावर काढा. अर्ध्या तासात पुठ्ठा जवस तेल शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर चमकत नाही. मग तो टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून फक्त सांध्यांना आणि बोल्टांच्या मुळाशी टेकवायचा. चकचकीत पृष्ठभागावर तो खाचेतून आपोआप पळतो. सगळ्या गाडीला आंघोळ घालू नका, हिरवा मरतो.

वॉशनंतर मॅट वार्निश, कारण धूळ चकचकीत पृष्ठभागावर ठरत नाही. धुळीसाठी सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिशपेपरवर घासून भुकटी करा. पांढरा भरपूर, थोडा यलो ऑकर, चिमूटभर रॉ अंबर, आणि तरीही पिवळं वाटलं तर राखाडी. कोरडीच ब्रशने लावायची, मग ब्रशच्या टोकाने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कडेला सोडायचा, तो आपोआप पसरतो. ओलं असताना ती दिसेनाशी होते, घाबरून आणखी भुकटी टाकू नका. वाळल्यावर परत वर येते. भुकटी करताना मास्क लावा आणि टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवा, हे दोन्ही कधीच टाळू नका.

सगळ्यात शेवटी चिखल. जाडी मोजूनच. १ मिलिमीटरचा थर म्हणजे सात सेंटिमीटर चिखल, तेवढा पट्ट्याच्या खाचांत शोभतो, चिलखतावर नाही.

मेलबर्नवासी

धागा वाचून राहवलं नाही. इथून जवळच पकापुन्यालला ऑस्ट्रेलियन आर्मर्ड कोअरचं संग्रहालय आहे, तिथे सेंच्युरियनची मोठी परंपरा जपली आहे. ऑस्ट्रेलियाने १९६८ ते १९७१ या काळात व्हिएतनाममध्ये सेंच्युरियन वापरले. तिथल्या फोटोंत बाजूचे पत्रे बऱ्याचदा काढून टाकलेले दिसतात, कारण चिखल आणि झाडोरा पत्र्यांच्या आत अडकून बसायचा. माती लालभडक. रत्नागिरीकरांची अंगणातली माती तिथे बिनदिक्कत चालेल! म्हणजे १९७१ सालीच, तोच रणगाडा, दोन देशांत दोन रंगांचा. धागाकर्त्याच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नको.

पण एका बाबतीत माझा मतभेद आहे. लहान मापात थोडी अतिशयोक्ती करावीच लागते. हातभर अंतरावरून बघणाऱ्याला खरी, मोजूनमापून केलेली धूळ दिसतच नाही. सगळं अचूक आणि सगळं सपाट, असं काम मी स्पर्धांत पुष्कळ पाहिलं आहे. वरच्या पृष्ठभागांना उजेड आणि खालच्यांना सावली रंगवून द्यावीच लागते, कारण एवढ्याशा वस्तूवर खोलीतला दिवा खऱ्या उन्हासारखी सावली पाडत नाही.

सूक्ष्मकाम (धागाकर्ता)

उजेडाबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. टरेटचं वरचं छत मी मूळ रंगात पांढरा नव्हे तर फिकट वाळूचा रंग मिसळून उजळलं आहे, पत्र्यांखालची बाजू जवळजवळ काळी ठेवली आहे. अतिशयोक्ती उजेडाची जरूर करावी. मळाची केली की जागा बदलते, म्हणून तिथे मी अडून बसतो. व्हिएतनामच्या पत्र्यांची माहिती सोन्यासारखी आहे. बसंतरच्या गाडीला मी पत्रे ठेवतोय, पण मागच्या टोकाला एक किंचित वाकवलेला.

इतिहासप्रेमी_सातारा

प्रसंग कोणता दाखवताय? फामागुस्ताची शेवटची झुंज असेल तर समोर पॅटन हवा.

सूक्ष्मकाम (धागाकर्ता)

यावर मी बराच विचार केला. माझा पाया ३० सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे प्रत्यक्षात साडेएकवीस मीटर. समोरचा रणगाडा १०० मीटरवर दाखवायचा म्हटलं, तर या मापात १ मीटर ३९ सेंटिमीटर जागा लागेल. एकाच पायावर दोघांना आणलं, तर रणगाडे एकमेकांना खेटलेले दिसतील आणि रणगाड्यांची लढाई कशी असते हेच खोटं ठरेल. अंतर हा त्या लढाईचा गाभा आहे, नेम आणि अंतर.

दुसरं म्हणजे, पेटलेली गाडी मला करायची नाही. त्या गाडीत माणसं होती. खेतरपालांसोबत सवार नंद सिंगही त्या दिवशी गेले. कापसाचा धूर आणि एलईडीची आग लावून ते दाखवायला माझा हात धजत नाही. दुसऱ्या कुणी केलं तर मी दोष देणार नाही, पण माझा निर्णय हा आहे.

म्हणून प्रसंग सकाळचा: नाला ओलांडून सुरुंगपट्ट्यातून बाहेर पडणारी गाडी, कपोल्यातून (टरेटवरच्या झाकणाच्या छोट्या घुमटीतून) अर्धा बाहेर आलेला कमांडर, आणि वाटेच्या कडेला खाली बसलेले दोन सॅपर्स, उभे राहिले तर साधारण २४ मिलिमीटर उंचीचे. रात्रभर त्यांनी जमीन चाचपली म्हणून गाडी इथवर आली, हे दिसायला हवं. साफ केलेल्या वाटेच्या कडेला पांढरी फीत असते, ती सिगारेटच्या कागदाची करणार आहे. ५ सेंटिमीटरची फीत म्हणजे ०.७ मिलिमीटर, नव्या ब्लेडने पट्टीवर कापली तर जमते.

निवृत्त_चालक

सॅपर्स घेतलेत, बरं केलंत. त्यांचे गुडघे आणि कोपरं मळवा, पाठ कमी. रांगत काम करतात ते. आणि फीत सरळ रेषेत ताणू नका, जागोजागी चिखलात दबलेली दाखवा.

पावसाळी_रत्नागिरी

पट्ट्याची वाट उमटवताना: सेंच्युरियनचा पट्टा २४ इंची, म्हणजे या मापात साडेआठ मिलिमीटर. किटमध्ये उरलेला जादा पट्टा ओल्या लगद्यात दाबा, आधी त्याला तेलाचा हात लावा म्हणजे चिकटणार नाही. ५० टनांची गाडी आहे, मऊ जागी दोन मिलिमीटर तरी रुतू द्या, आणि रणगाडा त्याच खोलीत बसवा. पुष्कळ डायोरामांत (अशा छोट्या देखाव्यांत) माग खोल असतो आणि रणगाडा मात्र जमिनीवर तरंगत असतो.

ओल्या चिखलासाठी तीच पेस्टल भुकटी, पण सॅटिन वार्निशमध्ये कालवून. अल्कोहोलऐवजी वार्निश बांधणी धरतं आणि रंग आपोआप गडद होतो. पूर्ण चकचकीत वार्निश फक्त मागात साचलेल्या पाण्याला, तेही पातळ थरांत, एकेक वाळू देत. पट्ट्यावर चकचकीत गेलं की चिखलाऐवजी चॉकलेट दिसतं.

खडूभुकटी

सरकंड्याचं उत्तर मी देतो. सरकंडा तीन मीटर धरला तर तुमच्या मापात चार सेंटिमीटर. देठांना केरसुणीच्या अगदी बारीक काड्या, आणि वरच्या तुऱ्यांना काथ्याचा दोर उसवून निघणारे मऊ तंतू. तंतू फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून काडीला लावायचे, वाळताना उलटे टांगायचे, म्हणजे तुरा एका बाजूला झुकतो. डिसेंबरात पानं वाळलेली असतात, तेव्हा हिरवा अजिबात नको, फिकट पेंढ्याचा रंग द्या आणि मुळाशी थोडा करडा. शेताच्या बाजूला गव्हाची रोपं हवीत का?

सूक्ष्मकाम (धागाकर्ता)

हवीत, एका कोपऱ्यात. डिसेंबरच्या मध्याला गहू वीतभरही नसतो, म्हणजे इथे दोन मिलिमीटर, आणि ओळींत जेमतेम तीन मिलिमीटरचं अंतर. गाडी त्या ओळी तुडवत वळलेली दाखवेन. केरसुणीची युक्ती उद्याच करून बघतो. सॅटिन वार्निशमधला चिखल मी आज किटच्या रिकाम्या फ्रेमवर लावून ठेवला आहे, वाळला की फोटो इथेच टाकतो.